गुलाबी कागदावरचा कैलासपती

आगीतून फुफाट्यात जा असं इंदुमावशीला कुणी सांगत नसे, ती आपणहून यायची. नागपूरच्या ज्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, तिला उन्हाळ्याची सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी ती गोंदियाला उतरे, तिथे छोट्या लाइनीच्या गाडीत बसे, आणि भर दुपारी एका हातात रंगांची पत्र्याची पेटी नि दुसऱ्या हातात मातीची सुरई घेऊन बालाघाटला आमच्या दारात उभी राही. डोक्यावर ओला पंचा, नाकाचा शेंडा लाल. आई म्हणायची, "इंदे, लोकं मे महिन्यात पचमढीले जातात व." मावशी सुरई ओट्यावर ठेवत म्हणायची, "पचमढीले सगळं हिरवं असते. मायी हिरवी वडी मागंच झिजली. इथं पिवळं, तांबडं, जांभळं हाय. सोय पाहून आली मी." मग ती पायावर पाणी घ्यायची, पन्ह्याचे दोन पेले एका दमात संपवायची आणि विचारायची, "कैलासपती फुलला का?"

आमच्या घराचा पुढचा खण म्हणजे बाबांचा छापखाना. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या, आणि उन्हाळाभर लग्नपत्रिकांची घाई. अर्ध्या पत्रिका मराठी, अर्ध्या हिंदी. सकाळपासून घरात खट्-सर्र, खट्-सर्र असा आवाज चाललेला असे. तो थांबला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय झालं हो?" शाईचा, घासलेटचा आणि कैरीच्या फोडणीचा वास आमच्या घरात एकमेकांत इतके मिसळून गेले होते की आजही कुठे मेथांबा शिजला की मला आधी छापखाना आठवतो आणि मग जेवण.

मी पत्रकांवर वाढले असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते अलंकारिक वाटतं. बाबा जे काही छापायचे त्याची एक प्रत ट्रंकेत ठेवायचे, आणि उरलेल्या प्रती घरात वापरल्या जायच्या. आईच्या डब्यांखाली पत्रकं, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक. हरताळाची, देवीच्या लसीची, कीर्तनाची, सर्कशीची, हुंडाबंदीची, निवडणुकीची. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा त्याबद्दलच्या पत्रकांचा एवढा ढीग घरात आला की वर्षभर आईला चूल पेटवायला दुसरा कागद लागला नाही. मी अक्षरं शिकले ती याच कागदांवर. सहा वर्षांची असताना घरी आलेल्या पाहुण्यांना मी "बंधू-भगिनींनो" म्हणून हाक मारत असे. सतराव्या वर्षापर्यंत माझी खात्री झाली होती की जगातल्या प्रत्येक अन्यायावर एक पत्रक असतं, ते फक्त कुणीतरी लिहायचं राहिलेलं असतं. मावशी मला 'पत्रकबाई' म्हणायची.

तिला पत्रकांची पाठ आवडायची. बाबांच्या कोपऱ्यात पडलेले वाया गेलेले कागद ती उचलायची आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं, रंगानं कच्ची चित्रं काढायची. चांगला जाड कागद ती नागपूरहून मोजका आणायची, शेवटच्या चित्रासाठी. मी एकदा तिला म्हटलं होतं की मावशी, लोक खाणीत राबतात, बायका दिवसभर विड्या वळतात, आणि तू डांगराची फोड रंगवतेस? ती म्हणाली, "मले विडी वळता येत नाई ना." मी रागावले. सतराव्या वर्षी विनोद मला फितुरीसारखा वाटायचा.

पण ते दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणून थोडी लाज वाटत होती. पहाटे मावशी मला उठवायची आणि आम्ही वैनगंगेवर जायचो. उन्हाळ्यात नदी बाजूला सरून झोपलेली असे आणि उरलेल्या वाळूत ढिमरांच्या, म्हणजे नदीकाठच्या कोळ्यांच्या, डांगरवाड्या लागलेल्या असत. वेलाखाली पालथी पडलेली हिरवी-काळी डांगरं, म्हणजे तुमची कलिंगडं, मधे एखादी झोपडी, त्यावर वाळत घातलेलं लुगडं. मावशी वाळूत मांडी घालून बसायची. तिच्याकडे पांढरा रंग नव्हताच. "पांढरा पेटीत नसते, कागदात असते," ती म्हणायची. "जिथं ऊन पाह्यजे तिथं हात लावू नोको. झालं." उन्हात रंग ब्रश उचलायच्या आत वाळायचा, म्हणून ती कागद पाठीमागून ओला करून पाटीवर चिकटवायची आणि पाटी खालून ओल्या फडक्यात गुंडाळायची. कागद जिवंत राहील तेवढा वेळ चित्र, मग डांगर. वाडीवाला ते गुडघ्यावर आपटून फोडायचा, आणि आम्ही रस कोपरापर्यंत ओघळू देत खायचो.

दुपारी जेवण. आई आणि मावशी दोघी मिळून सरगुंडे करायच्या, काडीवर कणीक वळून वाळवलेले, आणि त्यांच्यावर आंब्याचा रस. मावशी रसाचा रंग बघत बसायची आणि आई म्हणायची, "पाहू नोको, खा. माशा तुयासाठी थांबणार नाईत." रविवारी बाबा छापखाना बंद ठेवायचे आणि आम्ही कुठेतरी जायचो. एकदा बैहरला, मोटारीच्या टपावर मोहाच्या टोपल्या, आत आम्ही, आणि घाटात मावशी प्रत्येक वळणाला "थांबवा हो जरा" म्हणायची, म्हणून ड्रायव्हरनं शेवटी तिला आपल्या शेजारी बसवलं. एकदा लांजीला किल्ला बघायला. तिथे तिनं किल्ला रंगवलाच नाही, तटाच्या फटीतून उगवलेली एक पिंपरी रंगवली. परत येताना टेंभरं, तेंदूची पिवळी फळं, विकत घेऊन मोटारीतल्या सगळ्यांना वाटली. आता विचार करते तेव्हा वाटतं, वर्षातले साडेदहा महिने ती पन्नास मुलींना मडकं आणि लिंबू काढायला शिकवत असे, आणि भावाच्या घरी मधल्या खोलीत राहत असे. हा दीड महिना तेवढा तिचा होता. तेव्हा माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, ती मुळातच मजेत असते.

तर कैलासपती. नदीकडच्या रस्त्याला एका जुन्या सरकारी बंगल्याची बाग होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्यात ते झाड. याची फुलं फांदीला लागत नाहीत, थेट खोडातून दोरखंडासारखे देठ फुटतात आणि त्यांना ती येतात. जाड गुलाबी पाकळ्या, मधे नागाच्या फडीसारखा झुकलेला केसरांचा पुंजका, आणि दहा पावलांवरून जाणवणारा वास. पहाटे उमलतं, संध्याकाळी खाली पडलेलं असतं. मावशी तीन उन्हाळे त्याच्या मागे होती. पहिल्या वर्षी तिला खोड जमलं, फूल नाही. दुसऱ्या वर्षी फूल जमलं तर ते कापडाचं वाटलं. "गुलाबी माया हातात मरते," ती म्हणायची. तिसऱ्या वर्षी तिनं नागपूरहून एकच जाड कागद आणला होता, मोठा, नळीत गुंडाळून. या वर्षी झालं पाहिजे असं ती बोलली नाही, पण ती नळी तिनं आईच्या देवघरात ठेवली.

बागेचा माळी डोमाजी लांजीकडचा. तो मावशीला मास्तरीणबाई म्हणायचा आणि तिच्यासाठी झाडाखाली पाणी शिंपून ठेवायचा. त्या वर्षी आम्ही दोघी पहाटे गेलो तर फाटकाला कुलूप, आणि डोमाजी आतून गजाला धरून उभा.

"नवे सायब आले, मास्तरीणबाई. लोकं हौदावर कपडे धुत होते, फुलं खुडून नेत होते. एका वरातीनं कुंड्या फोडल्या. तवा सायबानं कुलूप ठोकलं. म्हणे, बाहेरचा एक मानूस आत दिसला तं तुयी नोकरी गेली समज."

"मी कुंड्या फोडते काय रे?" मावशी म्हणाली.

"तुमी काहून फोडान? पन मी काय करू?"

मावशीनं गजातून आत बघितलं. कोपऱ्यातलं झाड तिथून दिसत नव्हतं, वास मात्र येत होता. ती म्हणाली, "बरं. चाल विमे, डांगर खाऊ." आणि ती वळली. वाटेत ती नेहमीसारखी बोलत होती, हेच मला सहन होईना. घरी आल्यावर तिनं देवघरातली नळी काढली आणि आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवली. ते मी पाहिलं आणि दुपारी, सगळी झोपलेली असताना, पत्रक लिहायला बसले.

पत्रक हिंदीत हवं होतं, कारण साहेब उत्तरेकडचे होते आणि गावात हिंदी वाचणारे जास्त. हिंदी मला येत होती, शाळा हिंदीच होती. मोठ्या मराठी पत्रकांत जसा असतो तसा मथळा मला आधी सुचला: 'हमारी एक ही माँग : राजीनामा!' मग खाली: जिस बगीचे को हमारे दादा-परदादाओं ने अपने पसीने से सींचा, वह आज ताले में बंद है। माली को धमकी दी गई है। साहब जान लें, राजीनामे के सिवा अब दूसरा रास्ता नहीं। राजीनामा आज नहीं तो कल होकर रहेगा! बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जोरदार लिहिलं पोरी." त्यांचा स्वभावच तसा. खाली छापखान्याचं नाव घालणं भाग होतं, तेही त्यांनी घातलं. खिळे जुळवायला शिवप्रसादजी बसले. ते जबलपूरकडचे, हिंदी मजकूर त्यांच्याकडेच असायचा. मजकूर जुळवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "बिटिया, ऊपर गरम, आख़िर में नरम। बहुत बढ़िया।" नरम? मला राग आला. पण शिवप्रसादजींना तंबाखूच्या तोंडानं काहीही बोलायची सवय होती म्हणून मी सोडून दिलं. लग्नपत्रिकांतून उरलेला गुलाबी कागद होता, त्यावरच छापलं, आणि संध्याकाळी बाजारात, मोटारस्टँडवर, नदीच्या वाटेवर मी स्वतः वाटलं. मावशीला सांगितलं नव्हतं. तिला परवानगी विचारावी असं वाटलंच नाही. अन्याय तिच्यावर झाला होता, पण तो आता माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी मागच्या दारानं आला. हातात गुलाबी कागद. त्याला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं. तो आईला म्हणाला, "बाई, मायी भाकर कहाडली तुमी लोकायनं. मले धमकावलं हे कोनाले ठाव होतं? मले न सायबाले. आन या मास्तरीणबाईले."

मी पुढे होऊन म्हणाले, "डोमाजी, हे तुमच्याचसाठी लिहिलं."

"मले इचारलं काय तुमी?"

मावशी दाराआड उभी होती. तिनं त्याच्या हातातून कागद घेतला, पूर्ण वाचला, उलटून कोरी बाजू पाहिली, बोटानं चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं डोमाजीला बसवलं, त्याला रस वाढला, आणि म्हणाली, "तुयी नोकरी गेली तं मी सायबाकडे जातो न सांगतो का मीच गावभर बोलली. तू काही बोलला नाईस." डोमाजी रसाची वाटी हातात धरून बसून राहिला. त्याला ती संपवता आली नाही. आमच्या घरात रस उरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुपारी बंगल्यावरचा चपराशी आला. साहेबांनी संध्याकाळी चहाला बोलावलंय, छापखानेवाल्यांना आणि लिहिणाऱ्यांना. 'चहाला' हा शब्द आम्हाला कुणालाच चांगला वाटला नाही. बाबांनी स्वच्छ सदरा घातला आणि आईला सांगितलं की मशीन झाकून ठेव. मावशी म्हणाली, "मीबी येतो." मी मनात भाषण जुळवत होते. मला तेव्हा भीती वाटत होती असं मी आज लिहू शकते. तेव्हा ते मी कबूल केलं नसतं.

साहेब बारीक, चष्मेवाले, पन्नाशीचे. व्हरांड्यात वाळ्याचे पडदे ओले करून सोडलेले, टेबलावर मठरी, कैरीचं पन्हं आणि चहा, आणि पाण्याच्या पेल्याखाली दाबलेलं माझं गुलाबी पत्रक. डोमाजी पायरीखाली झारी घेऊन उभा होता, कुठल्याच झाडाला पाणी न घालता.

"यह किसने लिखा है?"

मी उभी राहिले. "मैंने।"

त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "बैठिए, बैठिए। राजीनामे की बात लिखी है आपने। बड़ी अच्छी बात है। मैं ख़ुद राजीनामे के पक्ष में हूँ।"

माझा विश्वास बसेना. एका पत्रकात! मी बाबांकडे विजयानं पाहिलं. मला त्या क्षणी खरोखर वाटलं की उद्या साहेब सामान बांधतील, आणि त्यांची थोडी दयाही आली.

"अब शर्तें बताइए," साहेब म्हणाले.

राजीनाम्याला अटी कसल्या? साहेब पुढे बोलत राहिले. "मैं कचहरी में बहुत बैठा हूँ। भाई-भाई बीस साल खेत की एक मेड़ के लिए लड़ते हैं। फिर किसी दिन दोनों आकर कहते हैं, हुज़ूर, राजीनामा हो गया। मुझे उस दिन खाना अच्छा लगता है।"

बाबांनी कप खाली ठेवला. ते शेताच्या एका खटल्यात पूर्वी साक्षीला गेले होते. माझ्या कानाशी वाकून ते मराठीत कुजबुजले, "विमे, गडबड झाली. इनच्या हिंदीत राजीनामा म्हंजे तडजोड व. नोकरी सोडाले हे इस्तीफा म्हंतात."

माझे कान तापले. गावभर, लाल तोंडानं, मी साहेबांशी तडजोडीची मागणी करून आले होते. 'तडजोड आज नाही तर उद्या होऊनच राहील!' मी तोंड उघडलं. खोटं मी चालू देणार नव्हते. "साहब, असल में हमारा मतलब..."

मावशीचा हात माझ्या मनगटावर आला आणि ती मराठीत, हसऱ्या चेहऱ्यानं, साहेबांकडे बघत मला म्हणाली, "चूप बस. डोमाजीकडे पाह्य एकदा." मी पाहिलं. तो झारीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मी बसले. मग मावशी तिच्या नागपुरी हिंदीत साहेबांशी बोलायला लागली. "ऐसा है साब, हौदपे कोई कपडे नहीं धोयेंगा। फूल कोई नहीं तोडेंगा। और माली की कुछ गलती नहीं, वो तो बिचारा कुलूप का एकदम पक्का है।"

"ठीक है। शाम को चार से छह, फाटक खुलेगा।"

"शाम को नहीं चलता ना साब! मेरा फूल शाम को गिर जाता। सुबे चाहिए।"

"सुबह मैं टहलता हूँ।"

"तो टहलो ना! मैं कायको अडवती?"

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. मग ते हसू दाबत म्हणाले, "माली! कल से सुबह पाँच बजे खोल देना। शाम को भी।" डोमाजी "हौ साब" म्हणाला आणि शेजारच्या मोगऱ्याला इतकं पाणी घातलं की ते पायरीवरून वाहत आलं. मावशीनं तीन मठऱ्या खाल्ल्या आणि चौथी रुमालात घेतली.

घरी येताना मी तिच्याशी भांडले. म्हणाले की आपण एका चुकीवर फाटक उघडून घेतलं, ही फसवणूक आहे, उद्या मी जाऊन खरं काय ते सांगणार. मावशी चालता चालता थांबली. "सांग ना. सांगूच नोको असं मी कुठं म्हंतलं? पन एक सांग, पत्रक लिहाच्या आधी तू डोमाजीले इचारलं नाई. मलेबी नाई. आता तरी इचार." मी म्हणाले, "बरं, विचारते. सांगू का?" ती म्हणाली, "मायं फूल होऊ दे. मंग सांग." बाबा मागून म्हणाले, "हा तं राजीनामाच झाला." त्यावर आम्ही तिघंही रस्त्यात उभे राहून हसलो, मी नाइलाजानं.

त्यानंतरच्या सकाळी मला आजही वासासकट आठवतात. पाच वाजता फाटक, शिंपलेली माती, मावशीची पाटी आणि ओलं फडकं. साहेब हातात छडी घेऊन दोन फेऱ्या मारायचे आणि तिसऱ्या फेरीला मावशीच्या मागे थांबायचे. गावातली म्हातारी माणसं येऊन बाकावर बसायची. जाड कागद वाया जाऊ नये म्हणून मावशी आधी कच्च्या चित्रांवर हात बसवत होती, आणि कच्च्या चित्रांना कागद कोणता? माझी उरलेली पत्रकं. गड्डीच्या गड्डी ती घेऊन आली होती. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं एकदम "अरे!" म्हटलं. तिनं खोड रंगवलं होतं, देठ, कळ्या, फुलामागची काळी सावली, सगळं. पाकळ्यांना हातच लावला नव्हता. गुलाबी पत्रक तिथं उघडंच राहिलं होतं आणि त्याच पाकळ्या झाल्या होत्या, जाड, ओलसर, उजेड धरून बसलेल्या. तीन उन्हाळे तिच्या हातात जो गुलाबी मरत होता तो कागदातच होता. तिनं पाटी हातभर लांब धरली. मग म्हणाली, "पत्रकबाई, तुया कागद बरा हाय." तिनं जाड कागद नळीतून काढलाच नाही. पुढच्या वर्षी त्यावर तिनं आईचं चित्र काढलं, सरगुंडे वळताना.

फूल झालं होतं. डोमाजीलाही मी विचारलं; तो म्हणाला, "माया दोष नाई, तेवढं सांगजा." मी संध्याकाळी एकटीच बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात वाचत बसले होते. मी उभ्यानंच, पाठ केलेल्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. आमच्या मराठीत राजीनाम्याचा अर्थ वेगळा आहे, मी तुमची नोकरी मागितली होती, तडजोड नाही. तुम्हाला वाटलं तर फाटक बंद करा, पण डोमाजीचा यात दोष नाही. साहेबांनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं.

"मी सात वर्षं नागपूरला होतो, बेटी," ते मराठीत म्हणाले. उच्चार थोडे हिंदी, पण मराठी स्वच्छ. "जेव्हा या राज्याची राजधानी तिकडे होती. तुझ्या वडिलांनी कानात सांगितलं, ते मी ऐकलं. तुझ्या मावशीनं तुला चूप बस म्हटलं, तेपण."

"मग तुम्ही...?"

"एका शब्दाचे दोन अर्थ होते. एका अर्थानं मी गेलो असतो, दुसरा साहेब आला असता आणि कुलूप तिथंच राहिलं असतं. दुसऱ्या अर्थानं कुलूप निघत होतं. मी दुसरा वाचला." मग त्यांनी टेबलाच्या खणातून ते पत्रक काढलं. लाल-निळ्या पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ होती. मला वाटलं, राजीनाम्याखाली असेल. ती दादा-परदादांच्या घामाखाली होती. "हे मात्र चूक आहे. बाग अंग्रेज साहेबानं लावली. छापण्याच्या आधी विचारत जा."

पुढे मी पुष्कळ पत्रकं लिहिली. काहींनी माणसं रस्त्यावर आली, काहींनी चूल पेटली. मथळे मी अजूनही मोठेच देते. पण प्रत्येक वेळी, छापायला देण्याआधी, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या दाराशी जाऊन बसले आहे, पाणी पिऊन, वाचून दाखवून. काही वेळा त्यानं नको म्हटलं आणि मी फाडलं. हे मला कुठल्या पुस्तिकेत सापडलं नव्हतं.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते कच्चं चित्र माझ्याकडे आहे. चौकट मुद्दाम करून घेतली नाही, उन्हाळ्यात एकदा बाहेर काढते आणि उजेडात धरते. पाकळ्यांतून पलीकडची उलटी अक्षरं दिसतात. यंदा नात आली होती. तिचं सगळं शिक्षण हिंदीत, मराठी ती माझ्यापुरती बोलते. तिनं चित्र हातात घेतलं, उलटवलं, आणि ओट्यावर बसून मागचा मजकूर मोठ्यानं वाचला, मथळ्यापासून छापखान्याच्या नावापर्यंत. मग तिनं माझ्याकडे अगदी गोंधळून पाहिलं.

"आजी, समझौताच करायचा होता तं एवढी चिडून काहून लिहिलं तू?"

मी तिला आधी रस वाढला. मग म्हटलं, बस, सांगते.